‘फोल्डर परत लॉक झालंय’: सर्व्हिस आणि माणसं एकाच फोल्डरात लिहितात तेव्हा काय काय तपासायचं

सोमवारी सकाळी साडेदहाला फोन येतो. “दादा, फोल्डर परत लॉक झालंय.” फोन करणाऱ्या ताई एका दस्तलेखकाच्या कचेरीत टायपिंग करतात. लॉक वगैरे काही झालेलं नसतं. शनिवारी संध्याकाळी स्कॅन केलेले सातबारे आणि खरेदीखतं एका सर्व्हिसने (पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने) रात्रीतून वाचून ‘तयार’ नावाच्या फोल्डरात ठेवलेली असतात. ताईंना त्या फायली दिसतात, उघडतातही. पण ‘स्कॅन००४७’ चं नाव बदलून ‘गट २१२ खरेदीखत’ करायला गेलं की विंडोज हात वर करतं.

मांडणी साधी आहे. कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्स. त्यातलं ‘दस्त’ हे फोल्डर सांबामार्फत, म्हणजे लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, तीन विंडोज मशीनवर दिसतं. स्कॅन ‘आवक’मध्ये पडतात. ‘ओसीआर’ नावाच्या यूझरखाली चालणारी सर्व्हिस टेसेरॅक्टकडून मराठी अक्षरं ओळखून घेते आणि शोधता येईल अशी पीडीएफ ‘तयार’मध्ये टाकते. हेच दुखणं मी एका छापखान्यात बघितलंय, क्लासच्या ऑफिसात बघितलंय, एका सीएकडे बघितलंय. कुठे दोन मशीनवरच्या फायली सारख्या ठेवणारं सिंकथिंग असतं, कुठे बॅकअपचा जॉब, कुठे वेबसाइटचं अपलोड फोल्डर.

पहिल्या दोन सोमवारी मी तिथे असलेल्या फायलींच्या परमिशन बदलल्या, चहा घेतला आणि घरी आलो. बिघाड उद्या तयार होणाऱ्या फायलींत आहे, हे तिसऱ्या सोमवारी डोक्यात शिरलं.

कमांड मी खाली देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या. कॉपी-पेस्ट होत नाही याचं मला वाईट वाटत नाही. रूटच्या, म्हणजे मशीनवर सगळे हक्क असलेल्या यूझरच्या, हातात आंधळं पेस्ट म्हणजे काय, ते शेवटच्या भागात येईलच.

लक्षणं

फाइल उघडते पण नाव बदलत नाही, पुसता येत नाही, किंवा ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडते.

एकाने केलेल्या उपफोल्डरात दुसऱ्याला काही टाकता येत नाही.

सर्व्हिस गप्प बसते. ‘आवक’मध्ये फायली साचत जातात, कुठेही एरर दिसत नाही, लॉगमध्ये मात्र ‘परमिशन डिनाइड’च्या ओळी पडलेल्या असतात.

कालच्या फायली चालतात, आजच्या नाही. किंवा ताईंनी टाकलेल्या चालतात, साहेबांनी टाकलेल्या नाहीत.

आणि सगळ्यात पक्कं लक्षण: कुणीतरी ‘सीएचमॉड’ (परमिशन बदलणारी कमांड) मारलं की दोन-चार दिवस सगळं सुरळीत, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हात लावण्याआधी

आहे त्या परमिशनचा फोटो काढून ठेवा. ‘दस्त’ फोल्डराच्या आत जाऊन ‘गेटफॅकल -आर .’ चालवा (आर मोठा, शेवटी टिंब) आणि येणारा सगळा मजकूर दुसऱ्याच ठिकाणी, म्हणजे आपल्या होम फोल्डरात, एका फाइलमध्ये साठवा. काही बिनसलंच तर त्याच फोल्डरात उभं राहून रूट म्हणून ‘सेटफॅकल --रिस्टोअर’ला ती फाइल दिली की मालक, ग्रुप, परमिशन सगळं पूर्ववत होतं. कमांड सापडत नसेल तर ‘एसीएल’ नावाचं पॅकेज टाकावं लागतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि ७७७ मारू नका. (तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकीचे; प्रत्येकात वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचे १ यांची बेरीज.) मला माहीत आहे, मारलेलं असणार. ७७७ म्हणजे मशीनवरच्या प्रत्येक यूझरला, प्रत्येक सर्व्हिसला, उद्या हॅक होणाऱ्या एखाद्या वेबपेजलासुद्धा लोकांची खरेदीखतं वाचायची, बदलायची आणि पुसायची मुभा. इतकं करून दुखणं जातही नाही, कारण उद्याची फाइल ६४४ घेऊनच येणार.

तपासणी १: एरर नीट वाचा

फुकट आहे, तरी कुणी करत नाही. ‘जर्नलसीटीएल -यू’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव, एवढं टाकून शेवटच्या पन्नास ओळी बघा. तीन वाक्यं वेगवेगळी ओळखायची.

‘परमिशन डिनाइड’ असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असेल तर डिस्क भरली आहे. ‘डीएफ -एच’ बघा. तिथे जागा दिसत असेल तर ‘डीएफ -आय’ बघा. लाखो बारीक फायली असल्या की आयनोड (प्रत्येक फाइलच्या नोंदीची जागा) संपतात आणि जागा असूनही नवी फाइल बनत नाही. लहान लहान इमेजेस मागे सोडणारी सर्व्हिस असेल तर हे होतंच.

‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ असेल तर जरा सावध. त्याची दोन कारणं असतात, एक किरकोळ आणि एक भयानक. किरकोळ कारण तपासणी ८ मध्ये आहे, भयानक शेवटच्या भागात. दोन्हींवर ‘सीएचमॉड’ हा उपाय नाही.

तपासणी २: सर्व्हिस कोण आहे?

‘सिस्टमसीटीएल शो’, पुढे ‘-पी यूझर’ (पी लहान, यूझरचा यू मोठा) आणि सर्व्हिसचं नाव. उत्तरात नाव आलं नाही तर ती रूट म्हणून चालते आहे. मग तिने बनवलेली प्रत्येक फाइल रूटच्या मालकीची, आणि तुमचं कोडं इथेच उलगडलं. अशा सर्व्हिसला वेगळा यूझर करून देणं हाच खरा उपाय.

यूझर कळला की त्याच्या चपला घालून चालून बघा: ‘सूडू -यू ओसीआर टच’ आणि ‘तयार’मधल्या एखाद्या चाचणी फाइलचा पूर्ण पत्ता. फाइल बनली? ‘एलएस -एल’ करून तिचा मालक, ग्रुप आणि परमिशन कागदावर लिहून ठेवा. नाही बनली? तरी उत्तम, आता बिघाड हातात आहे आणि हवा तेव्हा परत घडवता येतो. एक गोष्ट लक्षात असू द्या: ही चाचणी पास झाली आणि सर्व्हिस तरीही अडली, तर आधी सर्व्हिस एकदा रीस्टार्ट करा (का, ते तपासणी ३ मध्ये); तरीही अडली तर भानगड परमिशनच्या पलीकडची आहे. सरळ ८ वर जा.

तपासणी ३: ग्रुप, आणि ग्रुपात घेऊनही बाहेर राहिलेली माणसं

कल्पना अशी की ‘कचेरी’ नावाचा एक ग्रुप असावा, त्यात ताई, साहेब, शिकाऊ पोरगा आणि ‘ओसीआर’ हे चौघंही असावेत, आणि फोल्डर त्या ग्रुपचं असावं. ‘आयडी ओसीआर’ म्हटलं की तो कुठल्या ग्रुपांत आहे ते दिसतं.

इथे मी एकदा पूर्ण दुपार घालवली आहे. ‘आयडी ओसीआर’मध्ये ‘कचेरी’ स्पष्ट दिसत होतं, तरी सर्व्हिसला नकार. कारण ती कमांड आजची नोंदवही वाचून दाखवते. चालू असलेल्या प्रोसेसकडे मात्र ती सुरू झाली तेव्हाची यादी असते. सर्व्हिस तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली, ग्रुपात नाव घातलं आज सकाळी. तिला ते कळायला मार्गच नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि काम झालं. माणसांचंही तेच: लॉगआउट करून परत लॉगिन. सांबावरून येणाऱ्याने विंडोज मशीन एकदा बंद-चालू केलं की नवं सेशन लागतं. ‘बंद करून चालू करा’ या सल्ल्यावर लोक हसतात, इथे त्याला कारण आहे.

ग्रुपात घालताना ‘यूझरमॉड’ला लहान ए आणि मोठा जी, दोन्ही द्या. लहान ए विसरलात तर तो माणूस ‘कचेरी’त येतो आणि बाकीच्या सगळ्या जोड ग्रुपांतून बाहेर पडतो. त्यात ‘सूडू’ (रूटचे हक्क देणारा ग्रुप) असेल आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर पुढची संध्याकाळ रिकव्हरी मोडमध्ये जाते.

तपासणी ४: फोल्डरापर्यंतचा रस्ता

‘तयार’ची परमिशन चोख असून उपयोग नाही, तिथवर पोचता आलं पाहिजे. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरावर एक्झिक्यूटचा बिट लागतो. फोल्डराच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘चालवणे’ असा नसून ‘आत पाऊल टाकणे’ असा आहे. ‘नेमआय -एल’ला पूर्ण पत्ता दिला की ती ‘/’पासून एकेक पायरी सुटी करून तिची परमिशन दाखवते. कुठल्या उंबऱ्यावर अडलं ते एका नजरेत कळतं. इतकी कामाची आणि इतकी अनोळखी कमांड दुसरी नसेल.

बहुतेक वेळा अडतं ते होम फोल्डरावर. उबुंटू २१.०४ पासून नवीन यूझरचं होम फोल्डर ७५० असतं, आधी ७५५ असायचं. म्हणजे जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं चाललेली मांडणी नव्या मशीनवर तशीच उतरवली की सर्व्हिस घराच्या दारातच थांबते. यावर होम फोल्डर उघडं टाकू नका. सामायिक माल ‘/एसआरव्ही’खाली न्या. सर्व्हरने वाटायच्या डेटासाठीच ती जागा आहे.

दुसरी गोष्ट, जी दहा वर्षं लिनक्स वापरणाऱ्यांनाही गोंधळात टाकते: फाइल पुसता येईल की नाही, नाव बदलता येईल की नाही, हे फाइलच्या परमिशनवर ठरत नाही. ते ज्या फोल्डरात ती आहे त्या फोल्डराच्या परमिशनवर ठरतं. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो कुणाचंही बाड बाहेर काढू शकतो, बाडावर नाव कुणाचंही असो. म्हणून ताईंना नाव बदलता येत नसेल तर ‘स्कॅन००४७’कडे बघत बसू नका, ‘तयार’कडे बघा. अपवाद स्टिकी बिटचा. परमिशनच्या शेवटी ‘टी’ दिसला, जसा ‘/टीएमपी’वर असतो, तर तिथे फाइलचा मालक, फोल्डराचा मालक आणि रूट यांच्याशिवाय कुणालाही पुसता येत नाही. कुणीतरी भलत्या ठिकाणचा सल्ला वाचून सामायिक फोल्डरावर तो लावून ठेवलेला मी दोनदा काढला आहे.

तपासणी ५: नवी फाइल कुठल्या ग्रुपची आणि कुठल्या परमिशनची होते

दहापैकी सात वेळा मला बिघाड इथे सापडतो, म्हणून इथे जरा बसू.

नवी फाइल बनते तेव्हा दोन गोष्टी ठरतात: ग्रुप कोणता आणि बिट कोणते.

ग्रुप साधारणपणे बनवणाऱ्याचा स्वतःचा मुख्य ग्रुप असतो. म्हणजे ‘ओसीआर’ने बनवलेली फाइल ‘ओसीआर’ ग्रुपची. ‘कचेरी’ग्रुपातल्या ताई तिच्यासाठी परक्या. यावर इलाज म्हणजे फोल्डरावर सेटजीआयडी बिट, परमिशनच्या आकड्यापुढचा २. तो असला की आत बनणारी प्रत्येक फाइल फोल्डराचा ग्रुप घेते आणि आत बनणारं प्रत्येक उपफोल्डर तो बिटही पुढे चालवतं. वारसाहक्कासारखं.

बिट ठरतात यूमास्कवर. प्रोग्रॅम साध्या फाइलसाठी बहुधा ६६६ मागतो, फोल्डरसाठी ७७७. यूमास्क ही गाळणी आहे. तिच्यात जे बिट आहेत ते अडतात, बाकीचे खाली उतरतात. सिस्टमडीखाली (उबुंटूवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) चालणाऱ्या सर्व्हिसचा यूमास्क, काही सांगितलं नसेल तर, ०२२. म्हणून फाइल ६४४ आणि फोल्डर ७५५. ग्रुपाला वाचता येतं, लिहिता येत नाही. माणसाच्या लॉगिनला मात्र उबुंटूवर बहुधा ००२ मिळतो. म्हणूनच तुम्ही टर्मिनलवर स्वतः करून बघता तेव्हा सगळं व्यवस्थित दिसतं आणि तुम्ही निघून गेलात की रात्री बिघडतं.

दस्तांसारख्या कागदांना परक्यांनी बघायचं काहीच कारण नाही, तेव्हा मी ००७ ठेवतो: फाइल ६६०, फोल्डर ७७०. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ आणि सर्व्हिसचं नाव टाका. उघडणाऱ्या फाइलमध्ये चौकोनी कंसात ‘सर्व्हिस’ (एस मोठा), त्याखालच्या ओळीत ‘यूमास्क=०००७’ (यू आणि एम मोठे). साठवा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. मूळ युनिट फाइलला (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेल्या फाइलला) हात लावू नका. पॅकेज अपडेट झालं की ती बदलली जाते आणि तुमची दुरुस्ती वाहून जाते.

मग जुना ढीग एकदा निस्तरायचा. आधी ‘सीएचग्रुप -आर कचेरी’ सगळ्या ‘दस्त’वर (आर मोठा; कमांडची अक्षरं सी-एच-जी-आर-पी). नंतर फोल्डर आणि फायली वेगवेगळ्या: ‘फाइंड’ला ‘-टाइप डी’ सांगून फोल्डरांना २७७०, ‘-टाइप एफ’ सांगून फायलींना ६६०. हा क्रम पाळा. आणि ‘सीएचमॉड -आर २७७०’ सरसकट मारू नका, नाहीतर प्रत्येक पीडीएफ ‘चालवण्याजोगी’ होऊन बसते.

एवढं करूनही त्या कचेरीत पुढच्या सोमवारी फोन आला. मी जाऊन ‘तयार’मधली एक फाइल बघितली: मालक ‘ओसीआर’, ग्रुप ‘ओसीआर’, परमिशन ६००. सहाशे! सेटजीआयडी जागेवर, यूमास्क जागेवर, आणि फाइलला दोघांचाही पत्ता नाही. शेवटी सर्व्हिसची स्क्रिप्ट उघडून वाचली. ती ‘/टीएमपी’मध्ये तात्पुरती फाइल बनवत होती आणि काम झालं की ‘एमव्ही’ने ‘तयार’मध्ये सरकवत होती.

यात दोन मेख आहेत. ‘एमकेटेम्प’ आणि त्याच्या जातीची सगळी साधनं तात्पुरती फाइल मुद्दाम ६०० ने बनवतात. यूमास्क कितीही सैल असो, सुरक्षेसाठी तसंच हवं. आणि ‘एमव्ही’ नवी फाइल बनवत नाही, आहे ती मालक-ग्रुप-बिटांसकट उचलून नेते. फोल्डराचा वारसा नव्याने जन्मणाऱ्यांना मिळतो, बाहेरून राहायला आलेल्यांना नाही. ‘सीपी’ने अर्धंच भागतं: ग्रुप बरोबर येतो, पण बिट मूळ फाइलचेच, म्हणजे ६००. सरळ उपाय ‘इन्स्टॉल -एम ६६०’ ने ‘तयार’मध्ये ठेवणं आणि तात्पुरती फाइल पुसणं. स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. त्या कारणाने पुन्हा फोन आला नाही.

तपासणी ६: सांबा

आता उलट दिशा. विंडोजवरून टाकलेल्या फायली सर्व्हिसला बदलता येत नाहीत, किंवा साहेबांची फाइल ताईंना ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडते. सांबा स्वतःची वेगळी गाळणी लावतो. ‘क्रिएट मास्क’ काही लिहिलं नसेल तर ०७४४ आणि ‘डिरेक्टरी मास्क’ ०७५५. दोन्हींत ग्रुपाचा लिहायचा बिट नाही. सर्व्हिसचा यूमास्क किती छान आहे याच्याशी सांबाला देणंघेणं नाही.

सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्या शेअरच्या (वाटलेल्या फोल्डराच्या) भागात चार ओळी: ‘फोर्स ग्रुप’ला कचेरी, ‘क्रिएट मास्क’ ०६६०, ‘फोर्स क्रिएट मोड’ ०६६०, ‘डिरेक्टरी मास्क’ २७७०. मग ‘टेस्टपार्म’ चालवा. स्पेलिंग चुकलं असेल तर तो सांगतो, सांबा मात्र चुकलेली ओळ मुकाट सोडून देतो. नंतर सांबाची सर्व्हिस रीस्टार्ट, पण कुणाची फाइल उघडी नाही ना ते विचारून. न विचारता केलं की काय ऐकून घ्यावं लागतं ते मी ऐकलेलं आहे.

वर्डबद्दल एक. सेव्ह दाबलं की वर्ड तीच फाइल खोडून लिहीत नाही. शेजारी नवी फाइल लिहितो, जुनी बाजूला करतो आणि नव्याला जुन्याचं नाव देतो. म्हणून फाइलचा मालक ज्याने शेवटी सेव्ह केलं तो होतो. ‘मालक बदलतोय, कुणीतरी शिरलंय’ असा एक घाबरलेला फोन मला यावरून आला होता. सामायिक फोल्डरात मालकावर काहीही अवलंबून ठेवू नका, ग्रुपावर ठेवा.

तपासणी ७: डिस्क कुठली, आणि एसीएल

‘दस्त’ जर बाहेरच्या यूएसबी डिस्कवर असेल तर आधी तिची जात विचारा. एक्सफॅटवर लिनक्सचे मालक आणि परमिशन साठवायला जागाच नसते. एनटीएफएसवरही नेहमीच्या माउंटमध्ये (डिस्क जोडण्याच्या पद्धतीत) सगळ्यांचा मालक एकच दिसतो. ‘सीएचमॉड’ कधी एरर देतो, कधी नुसता काही करत नाही. तिथे ग्रुप आणि मास्क माउंट करतानाच ‘एफस्टॅब’ या डिस्कांच्या नोंदींच्या फाइलमध्ये सांगावे लागतात. त्यापेक्षा डिस्क एक्सटी४ करा, पण आधी माल दुसरीकडे उतरवून.

एसीएल, म्हणजे एकेका यूझरला किंवा ग्रुपाला वेगळे हक्क देणारी जोडयादी, मी तेव्हाच काढतो जेव्हा सर्व्हिसचा यूमास्क बदलता येत नाही, किंवा दोन ग्रुपांना वेगवेगळे हक्क हवे असतात. फोल्डरावर डिफॉल्ट एसीएल असला की तिथे यूमास्कचं चालत नाही. ‘सेटफॅकल’ दोनदा चालवायचा: एकदा आहे त्या फायलींसाठी, एकदा ‘-डी’ देऊन पुढच्यांसाठी. लोक पहिला करतात, दुसरा विसरतात, आणि पुन्हा सोमवार येतो. परमिशनमध्ये एक्सचं अक्षर मोठं द्या, म्हणजे तो बिट फोल्डरांना आणि आधीच चालवण्याजोग्या फायलींनाच लागतो.

‘एलएस -एल’मध्ये परमिशनच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं की तिथे एसीएल आहे. मग त्या मधल्या तीन अक्षरांवर विश्वास ठेवू नका, ती ग्रुपाची नसून मास्कची असतात. कुणी नंतर ‘सीएचमॉड ६४०’ मारलं तर मास्क आकसतो आणि ‘गेटफॅकल’मध्ये ग्रुपासमोर ‘इफेक्टिव्ह’ असं लिहून कमी हक्क दिसतो. वरून हक्क आहे, खरं तर नाही. बॅकअपला ‘आरसिंक -ए’ वापरत असाल तर तो एसीएल नेत नाही, मोठा ए वेगळा द्यावा लागतो.

तपासणी ८: पिंजरे

‘सूडू -यू’ची चाचणी पास, सर्व्हिस तरी नापास. आता सर्व्हिसभोवती पिंजरा आहे का ते बघा. ‘सिस्टमसीटीएल कॅट’ आणि सर्व्हिसचं नाव टाकून युनिट फाइल वाचा. ‘प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट’ दिसलं तर तिच्यासाठी जवळजवळ सगळी डिस्क फक्त वाचण्यापुरती आहे. वर म्हटलेलं ‘रीड-ओन्ली’चं किरकोळ कारण हेच. ‘एडिट’ करून ‘रीडराइटपाथ्स’मध्ये ‘दस्त’चा पत्ता द्या. ‘प्रोटेक्टहोम=यस’ असेल तर तिला होम फोल्डरं दिसतही नाहीत. ‘प्रायव्हेटटीएमपी’ असेल तर तिचं ‘/टीएमपी’ वेगळं, तुमचं वेगळं. तुम्ही तिथे ठेवलेली फाइल तिला कधीच सापडणार नाही.

उबुंटूवर ॲपआर्मर या पहारेकऱ्याचा नकार कर्नलच्या लॉगमध्ये ‘डिनाइड’ म्हणून दिसतो. फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यात त्याच कामाला एसईलिनक्स असतं. तिथे ‘एलएस -झेड’ (झेड मोठा) लेबल दाखवतो, आणि सांबाच्या फोल्डराला सांबाचं लेबल लागतं. एसईलिनक्स तात्पुरतं सैल करून ‘हेच कारण का’ एवढं बघायला हरकत नाही. कायमचं बंद करून निघून जाणं म्हणजे कुलूप अडतं म्हणून दार काढून ठेवणं.

डॉकरमध्ये, म्हणजे सर्व्हिस बंद डब्यात (कंटेनरमध्ये) चालत असेल तर, नावं विसरा, आकडे बघा. कर्नलला ‘ओसीआर’ हे नाव माहीत नसतं, त्याला १००१ माहीत असतो. कंटेनरच्या आत १००० नंबरचा जो कोणी आहे, तो बाहेर तुमच्या मशीनवरचा पहिला यूझर होऊन बसतो. डेबियनच्या घराण्यातला वेबसर्व्हरचा यूझर ३३ असतो, दुसऱ्या इमेजमध्ये तो आकडा वेगळा निघतो. ‘एलएस -एलएन’ने आकडे काढा आणि दोन्हीकडे जुळवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

डिस्कचं भयानक कारण. युनिट फाइलमध्ये पिंजरा नाही, तरी सगळ्यांनाच ‘रीड-ओन्ली’ येतंय, आणि ‘डीमेसेज’मध्ये (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) आय-ओ एररच्या ओळी आहेत. एक्सटी४ मध्ये चूक सापडली की कर्नल बहुधा डिस्क स्वतःहून वाचण्यापुरती करून टाकतो, आणखी नासाडी नको म्हणून. ती जबरदस्तीने परत लिहिण्याजोगी करू नका. चालू डिस्कवर ‘एफएससीके’ (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. वाचता येतंय तोवर महत्त्वाचं दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि डेटा वाचवणाऱ्या माणसाला फोन करा.

‘सीएचओन -आर’ किंवा ‘सीएचमॉड -आर’ मारताना एक स्पेस जास्त पडली आणि कमांड ‘/’वर चालली. कॉपी-पेस्टबद्दल म्हणालो होतो ते हे. मालक बदलला की ‘सूडू’चा सेटयूआयडी बिट (ज्यामुळे ती रूटच्या हक्काने चालते तो) जातो आणि मग ‘सूडू’ चालतच नाही. सगळीकडे ७७७ झालं की एसएसएच (दुरून लॉगिन करायचा प्रोग्रॅम) किल्ल्या नाकारतो. रूटची जी खिडकी उघडी आहे ती बंद करू नका, मशीन रीबूट करू नका आणि आठवेल तसं एकेक फोल्डर ‘दुरुस्त’ करत बसू नका. बहुतेक वेळा नवं इन्स्टॉल करून डेटा परत आणणंच लवकर होतं. ते ठरवायला जाणता माणूस हवा.

सर्व्हर कंपनीच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (विंडोजच्या यूझरांच्या मध्यवर्ती यादीला) जोडलेला असेल तर यूझरचे आकडे दुसरीकडे ठरतात. तिथे हात घालू नका. तयार नॅसच्या (नेटवर्कवरून फायली वाटणाऱ्या डिस्कच्या) पेटीवरही ‘एसएसएच’ने शिरून ‘सीएचमॉड’ करू नका, तिची स्वतःची परमिशनची वही असते आणि दोन वह्या जुळेनाशा होतात.

आणि दस्त, रुग्णांचे कागद, पगारपत्रकं असलेलं फोल्डर काही दिवस ७७७ राहिलं असेल, मशीन इंटरनेटवरून दिसत असेल, तर परमिशन बंद करून विषय मिटवू नका. लॉग पुसू नका, आणि त्या कागदांची जबाबदारी ज्यांची आहे त्यांना त्याच दिवशी सांगा.

बोलवणार असाल तर येणाऱ्यासाठी चार गोष्टी तयार ठेवा: एररची मूळ ओळ जशीच्या तशी, सर्व्हिसच्या यूझरचा ‘आयडी’, अडलेल्या फाइलच्या पत्त्याचा ‘नेमआय -एल’, आणि सुरुवातीला काढून ठेवलेली ‘गेटफॅकल’ची फाइल. पाचवी गोष्ट सांगायला लोक लाजतात: शेवटच्या दोन दिवसांत कुणी काय काय मारलं ते. टर्मिनलवर ‘हिस्टरी’ टाइप केलं की ते तसंही दिसतं.